जोडीतून गळालेला आकडा

ऐंशीनंतरची ती वर्षं. कोळसा खाणींची मोजमापं ठेवणाऱ्या नागपूरच्या एका कार्यालयात मी प्रोग्रॅम लिहायची. त्या आठवड्यात कन्हानकडच्या एका खाणीचं काम आलं होतं. तिथलं जुनं खोदकाम पाण्यानं भरलेलं. त्याच्या हद्दीचे बिंदू एका फायलीत होते: दर ओळीत दोन आकडे, एक पूर्वेकडच्या अंतराचा, एक उत्तरेकडच्या. ते वाचून नवा बोगदा त्या पाण्यापासून किती दूर आहे, एवढंच काढायचं होतं.

माझा प्रोग्रॅम ओळी पाहतच नसे. आकडे सलग उचलायचा आणि दोन-दोनांच्या जोड्या लावायचा. शेवटी मशीन अडलं, एक आकडा कमी पडतोय म्हणालं. मला घाई होती. मी वाचायच्या जोड्यांची संख्या एकानं कमी केली, मशीन गप्प झालं. उत्तर आलं नव्वद मीटर, म्हणजे खोदकाम चालू ठेवायला हरकत नव्हती. साहेबांची सही होऊन कागद खाणीवर गेला.

दोन दिवसांनी डबा खाता खाता फायलीचा छापील कागद सहज चाळला. एका ओळीत एकच आकडा होता. त्या आकड्यानं आपला जोडीदार खालच्या ओळीतून ओढला होता आणि तिथून शेवटपर्यंत सगळ्या जोड्या चुकल्या होत्या.

लगेच प्रोग्रॅम बदलला. एकेक ओळ वेगळी वाचायची, तिच्यातले दोन आकडे मिळून एक जोडी. दोन नसतील तर तिथंच थांबायचं. सत्तेचाळिसाव्या ओळीवर तो थांबला. खाणीत मोजणी करणाऱ्या सर्वेअरची वही आमच्याकडे होती, राहिलेला आकडा तिच्यातून घातला. आता उत्तर आलं अठरा मीटर.

माझे वडील खाणीत होते. जुन्या खोदकामातलं पाणी बोगद्यात फुटणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

कागद घेऊन मी साहेबांपुढे गेले.

"काय झालं वं पोरी?"

"सर, माझं चुकलं. नव्वद नाही, अठरा आहे."

त्यांनी फोन उचलला. लाइन लागेना. आम्ही जीपनं निघालो.

"बोगदा रोज किती पुढे जातो, सर?"

"तीन-चार मीटर."

मी मनात वजाबाकी सुरू करायची आणि अर्ध्यातच सोडायची.

खाणीचा सर्वेअर धावत बाहेर आला. "साहेब, असे अचानक काहून आले?"

"बोगद्यातली माणसं वर बोलवा. आत्ताच्या आत्ता."

माणसं वर यायला अर्धा तास लागला. हजेरी घेणाऱ्याबरोबर माझेही ओठ हलत होते. सगळे आले. एक म्हातारा कामगार सर्वेअरला म्हणाला, "सकाळपासून भिंत पाझरून राहिली, मी म्हटलंच होतं तुमाले."

परतताना साहेब रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "मशीन अडलं तेव्हाच मले काहून नाही सांगितलं?" मग म्हणाले, "उद्या लवकर ये. हाच प्रोग्रॅम आणखी कोणत्या फायलींवर चालवला, ते पाहू."

पाच फायली होत्या. एकेक फाईल मी नव्या प्रोग्रॅमवर चालवली. पाचही नीट निघाल्या. पण पुढे कित्येक महिने मशीन जरा अडलं, की मी कशालाही हात न लावता आधी साहेबांना हाक मारायची.