उजव्या पायाचा अंगठा

माझ्या उजव्या पायाचा अंगठा धाकट्या मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर वाकायला लागला. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्याही नाही. कापूस वेचताना ओटी भरत आली की पाय जड व्हायचा, एवढंच. मग अंगठ्याच्या मुळाशी, पायाच्या आतल्या बाजूला, सुपारीएवढी गाठ आली. ती लाल व्हायची, गरम लागायची, आणि रानातलं ढेकूळ तिच्यावर नेमकं घासलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. हळूहळू अंगठा शेजारच्या बोटाकडे कलला, आणि मीही त्या पायावर भार टाकायचा सोडून दिला.

आमचं गाव परतूरपासून तीन कोसांवर. निजामाचं राज्य होतं. रझाकारांची गडबड सुरू व्हायला अजून चार-पाच वर्षं होती. घरी सासूबाई, मालक म्हणजे मुलींचे वडील, मी आणि दोन मुली. सासरे मी लग्न होऊन येण्याआधीच गेले होते, आणि घर सासूबाईंच्या शब्दावर चालायचं.

औषधोपचार त्यांनीच सुरू केले. निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून शेकायचा, वर एरंडाचं पान बांधायचं. बरं वाटायचं, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुन्हा तेच. शेजारणीच्या सांगण्यावरून बिब्बा लावला, तर गाठ राहिली आणि वरची कातडी तेवढी भाजून निघाली. ती जखम भरायला महिना गेला. मग मंठ्याकडचा एक हाड बसवणारा आला. त्याने अंगठा ओढून सरळ केला आणि बांबूची कामटी लावून करकचून बांधला. चाळीस दिवसांनी बांध सोडला तेव्हा अंगठा सरळ दिसला आणि घरात सगळ्यांना आनंद झाला. आठ दिवसांत तो परत आपल्या जागी जाऊन बसला.

यांपैकी खरा उपयोग झाला तो परतूरच्या एका चांभाराचा. मालकांनी मला बैलगाडीतून त्याच्याकडे नेलं. म्हातारा होता, बोलणं कमी. त्याने माझा पाय कातड्यावर ठेवायला लावला, कोळशाने भोवती रेघ ओढली, गाठीवरून बोट फिरवलं आणि कुठे दुखतं ते दोनदा विचारलं. बाजारातल्या वहाणेचा पट्टा नेमका गाठीवरून जातो, तो आपण मागे सारू, पुढून वहाण रुंद ठेवू, असं तो म्हणाला. आत शेळीचं मऊ कातडं घातलं. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये ठेवायला कापसाची छोटी गुंडाळी शिवून दिली.

"दुखणं कमी होईल, ताई," तो म्हणाला. "पण अंगठा सरळ होणार न्हाई. ते मी खोटं सांगत न्हाई."

त्या वहाणेवर मी दोन सुगी काढल्या. त्याचा शब्द खरा ठरला, दोन्ही अर्थांनी. दुखणं कमी झालं आणि अंगठा वाकतच गेला. तिसऱ्या वर्षी तो शेजारच्या बोटाखाली शिरला. ते बोट वर उचललं गेलं आणि त्यातली जोडवी रुतायला लागली. आता बसल्या जागीही ठणका असायचा. गाठ एकदा पिकली, फुटली, भरली, पुन्हा पिकली. चुलीपाशी मी बसूनच सरकायची.

तेव्हा मालकांनी जालन्याचं नाव काढलं. परतूरला आगगाडीत बसलो आणि जालन्याला उतरून एका दवाखान्यात गेलो. तिथे मद्रासकडच्या एक डॉक्टरीणबाई होत्या. मराठी तोडकंमोडकं बोलायच्या, पण ऐकून घ्यायच्या नीट. त्यांनी दोन्ही पाय धुऊन पाहिले, मला उभं केलं, चालवलं, अंगठा वरखाली हलवून पाहिला. काय काय केलं ते सगळं विचारलं. बिब्ब्याचं ऐकून मान हलवली. चांभाराची वहाण मात्र हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि चांगली आहे म्हणाल्या.

मग विचारलं, "तुमच्या आईचे पाय असे होते?"

आई जाऊन सहा वर्षं झाली होती. शेवटच्या दुखण्यात तिचे पाय मीच चेपायचे, आणि ती म्हणायची, अंगठ्याला हात लावू नकोस. मला वाटायचं, म्हातारपणाचं असेल. मी हो म्हणाले.

बाईंनी समजावून सांगितलं. हे पुष्कळदा घराण्यातून येतं, तुमची काही चूक नाही. डाव्या पायालाही सुरुवात आहे, पण तो दुखत नाही तोवर त्याला हात लावायचा नाही, रुंद वहाण घालायची. उजव्याचं मात्र आता वहाणेने भागणार नाही. शेक, मिठाचं गरम पाणी, आराम, याने दिवस निघतील, सांधा सुधारणार नाही. दुसरा मार्ग कापण्याचा. गाठीचं वाढलेलं हाड तासून काढायचं आणि अंगठ्याच्या मुळाचा थोडा तुकडाही काढायचा, म्हणजे तो सरळ बसेल. अंगठा आखूड होईल, त्यात पूर्वीचा जोर राहणार नाही. जखम चिघळू शकते, तेही सांगितलं. दुखणं जाईल असं त्यांना वाटत होतं. खात्री देत नाही, म्हणाल्या. घरी जाऊन विचार करा. आणि येताना उजव्या पायातली जोडवी काढून या.

घरी आल्यावर मी सगळं सांगितलं. हाड कापण्याचं सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. जोडव्याचं ऐकून उठून गेल्या. नवरा जिवंत असताना सवाशिणीने पायातली जोडवी उतरवायची, हे त्यांना सोसणारं नव्हतं. त्यांनी स्वतः ती एकदाच उतरवली होती, आणि तो दिवस त्या विसरल्या नव्हत्या. मालक समजवायला गेले, तर त्यांच्याशीही बोलल्या नाहीत. पंधरा दिवस असेच गेले. मी मनातून तो विचार सोडूनच दिला होता.

मग एका सकाळी दोघी मुली अंगणात खेळत होत्या. थोरली तेव्हा सहा वर्षांची. तिने माझं जुनं लुगडं गुंडाळलं होतं, कडेवर खेळण्यातली घागर होती आणि ती उजवा पाय ओढत, एका अंगाला झुकत चालत होती. सासूबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. पायाला काय झालं, म्हणून त्यांनी विचारलं.

"काही न्हाई," थोरली म्हणाली. "मी आई झाली. आईसारखी चालून राह्यली."

सासूबाईंचा हात सुपात तसाच थांबला. मी दारातून बघत होते. दुपारी जेवणं झाल्यावर वाटीत तेल घेऊन माझ्यापुढे येऊन बसल्या आणि माझा पाय मांडीवर घेतला. मी पाय ओढून घेऊ लागले, सासूच्या मांडीवर पाय कसा ठेवायचा. त्यांनी तो धरून ठेवला. तेल लावून, फिरवून फिरवून त्यांनी जोडवी काढली.

"माझ्यापाशी ठेवते," जोडवी चंचीत घालत त्या म्हणाल्या. "बरी होऊन ये. मंग मीच घालते."

कापायच्या दिवशी नाकावर फडकं धरलं आणि मला आकडे मोजायला सांगितलं. गोडसर वास आला. मी अकरापर्यंत मोजल्याचं आठवतं. जागी झाले तेव्हा पाय लाकडी पट्टीला बांधलेला होता आणि आत कुणी कुऱ्हाड घालतंय असं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी ताप चढला. बाई दिवसातून दोनदा पट्टी सोडून जखम बघायच्या. दोन दिवसांनी ताप उतरला, तेव्हा त्याच माझ्याआधी हसल्या.

मालक तीन आठवडे दवाखान्याच्या आवारात राहिले. रोग्यांची माणसं तिथेच झाडाखाली चुली मांडायची. ह्या माणसाने जन्मात कधी पीठ मळलं नव्हतं. पहिल्या भाकरीचे तीन तुकडे झाले, दुसरी करपली. शेजारच्या चुलीवरच्या एका बाईने त्यांना थापायला शिकवलं. तिसऱ्या आठवड्यात भाकरी चांगली फुगायला लागली आणि ते ती माझ्यापुढे धरून बघ म्हणायचे.

टाचेवर भार देत मी पहिली चार पावलं टाकली ती बाईंच्या हाताला धरून. घरी आल्यावरही दीड महिना शेतात गेले नाही. सूज जायला त्याहून वेळ लागला. अंगठा आखूड दिसायचा, चवड्यावर उकिडवं बसायला जमायचं नाही, अजूनही नीट जमत नाही. पण ठणका गेला. एके दिवशी विहिरीवरून पाणी आणलं आणि घागर उतरवल्यावर लक्षात आलं की सगळ्या वाटेत मला पायाची आठवणच झाली नव्हती. सासूबाईंनी सोनाराकडून जोडवी थोडी सैल करून आणली आणि दिल्या शब्दाप्रमाणे स्वतः घातली.

त्यानंतर बाया माझा पाय बघायला यायला लागल्या. कुणी तीर्थपुरीकडची, कुणी मंठ्याची. प्रत्येकीच्या माहेरात कुणाचा तरी अंगठा असा होता, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपलंच काही चुकलं. मी वण दाखवायचे, तापाचं सांगायचे, उकिडवं बसता येत नाही तेही सांगायचे. सगळ्यांनाच कापायची गरज नव्हती. मंठ्याची एक तरणी सून आली, तिची गाठ अजून लहान होती, फक्त चालल्यावर दुखायची. जालन्याला जावं लागेल म्हणून ती घाबरलेली होती. मी तिला माझ्या डाव्या पायातली, चांभाराने शिवलेली रुंद वहाण काढून दाखवली आणि आधी परतूरच्या त्या म्हाताऱ्या चांभाराकडे जा म्हणाले. तिने ती वहाण तिथेच पायात घालून बघितली आणि आमच्या ओसरीवर दोनदा इकडून तिकडे चालली.