आबांचा खलाशी

दोन वर्षांपूर्वीची भाऊबीज. वेळ एक तास, चौदा मिनिटं, पाच सेकंद. हजर तिघे: आमचे भिंगारचे शेजारी नामदेव आबा, त्यांची लेक सुनीता आणि मी. आबांचा खेळ मी घड्याळ लावून पहिल्यांदा मोजला, तो त्या दिवशी.

आबा एकतीस वर्षं लष्करी मेसमध्ये आचारी होते. निवृत्त झाल्यावर सुनीताने त्यांना कॉम्प्युटरवर एक खेळ लावून दिला. जहाज फुटून बर्फाच्या बेटावर अडकलेला खलाशी थंडीभुकेत तग धरून हरवलेल्या भावाला शोधतो, अशी त्याची गोष्ट. सावकाश खेळलं तर पंधरा तास लागतात. पण काही लोक तो कमीत कमी वेळात संपवतात आणि चित्रफीत जोडून आपली वेळ एका वेबसाइटच्या यादीत नोंदवतात. तासाच्या आतल्यांची नावं पहिल्या पानावर. आबांना त्या पानावर यायचं होतं, आणि वेळ थोडा होता. त्यांच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. तो वाढतच जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरीला. आबा मला ‘काटेवाले’ म्हणत. दर रविवारी दुपारी मी वही घेऊन बसायचो. कड्यावरून थेट उडी मारली की चाळीस सेकंद वाचतात, गुहेला वळसा घातला की पंचवीस. असं करत उन्हाळ्यापर्यंत आम्ही एक तास तीन मिनिटांवर आलो आणि अडकलो.

अडकलो ते जेवणामुळे. खलाशाला भूक लागली की पडद्यावरची लाल पट्टी उतरू लागते. ती संपली की तो मरतो. पण वेगाने खेळलं तर त्याआधीच खेळ संपतो. म्हणून बाकी कुणी त्याला जेवू घालत नाही. आबा घालत, तेही दोनदा. लाकडं गोळा करायची, चूल पेटवायची, मासा भाजायचा. एका जेवणाला एक मिनिट बारा सेकंद. मी वही त्यांच्यापुढे धरली.

“आबा, तो चित्रातला माणूस आहे.”

“मंग तुमी आज घरी जाऊन चित्रातलं जेवा.”

“बाकीचे सगळे त्याला उपाशीच पळवतात.”

“त्येंच्या घरी कुनी आचारी नसंल.”

एकदा मी सुचवलं, निदान मासा अर्धाकच्चा काढा, सोळा सेकंद वाचतील. आबांनी जॉयस्टिक खाली ठेवली आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. घड्याळ चालूच होतं. तो रविवार फुकट गेला.

श्रावणात त्यांच्या हातून कप हिंदकळायला लागला. सुनीताने आणि मी अक्षरशः गळ घातली, तेव्हा एकदाच ते खलाशाला उपाशी घेऊन पळाले. एकोणसाठ मिनिटं वीस सेकंद. सुनीता टाळ्या वाजवत उठली. आबा पडद्याकडे बघत राहिले. भाऊ समोर उभा होता आणि खलाशी गुडघ्यावर बसून धापा टाकत होता.

“ही धाडू नका,” आबा म्हणाले.

“अहो, सगळं नियमात आहे.”

“नियमात न्हाई असं कुठं म्हन्लो मी? भाऊ भेटला अन् ह्याला उभं ऱ्हाता येईना. आसं कुनी भेटतं व्हय?”

मी अर्धा तास वाद घातला. आकडे दाखवले, हाताची आठवण करून दिली. उपयोग शून्य. पुढच्या रविवारी त्यांनी खलाशाला दोन वेळा पोटभर खाऊ घालून खेळ संपवला. एक तास, एक मिनिट, सदतीस सेकंद. “ही धाडा, कितवा नंबर येईल त्यो येऊ दे,” ते म्हणाले. मी चिडून घरी निघून आलो आणि धाडली नाही. पुढे जॉयस्टिक त्यांच्या हातात ठरेना. फाल्गुनात झोपेतच गेले.

तेराव्यानंतर सुनीता म्हणाली, “काका, ती एकोणसाठची पाठवा. आता कोण विचारणार आहे?”

कुणीच विचारणार नव्हतं. दोन्ही चित्रफिती उघडून मी बराच वेळ बसलो. फरक दोन मिनिटं सतरा सेकंदांचा. एवढ्यासाठी माणसानं पहिलं पान सोडलं, याचा राग मला तेव्हाही होता, आजही आहे.

नोंद झाली ती अशी. नाव नामदेव आबा, भिंगार. वेळ एक तास, एक मिनिट, सदतीस सेकंद. पान चौथं. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: जेवण दोन वेळा.