मॅक्सचा पाय

हे मला नीट आठवतंय का, याची खात्री नाही. माझी बायको नीला म्हणते, "अहो, तुम्ही दर वेळी वेगळंच सांगता." असेल. पण घोड्यांच्या नादी लागलेल्यांचे किस्से तबेल्यातल्या लिदीसारखे साचतात. वेळेवर उपसले नाहीत तर दार उघडेनासं होतं!

जर्मनीतल्या कार्ल्सरूहेबाहेर एक राइटरहोफ आहे, म्हणजे घोडेस्वारी शिकवणारा तबेला. आम्हा मराठी मंडळींची मुलं-नातवंडं दर शनिवारी तिथे जायची. आमची नात इराही. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. "इरा, भूक लागली का?" "नाइन, आबा." म्हणजे नाही. तिच्या तोंडून एक अख्खं मराठी वाक्य ऐकावं, एवढीच माझी इच्छा. त्या आशेने थंडीत कुंपणाला टेकून उभा राहायचो. मिळायची ती सर्दी!

*

पुण्याहून आयटीत आलेल्या कुलकर्ण्यांनी मुलाबरोबर स्वतःचंही नाव घातलं. पहिल्या दिवशी नवेकोरे बूट घालून हजर! तबेल्याच्या मालकिणीचं नाव झाबीने. तिने त्यांच्या हातात फावडं दिलं. आधी लीद काढायची, मग खरारा, मग खुरं साफ करायची. वेळ उरला तर घोडा.

"काका, फी मीच भरली ना?"

"हो."

"मग हिने मला नोकरीवर कधी ठेवलं?"

*

मॅक्स हा तिथला सर्वांत म्हातारा आणि सर्वांत आडमुठा घोडा. दसऱ्याला नीलाने त्याची पूजा करायचं ठरवलं. "अगं, आधी परवानगी घे," मी दहा वेळा म्हटलं. झाबीने हो म्हणाली, पण निरांजन नको, गवत आहे. म्हणून नीलाने मोबाइलच्या टॉर्चने ओवाळलं! मग झेंडूचा हार घालायला हात वर केले, तोच मॅक्सने हार खाऊन टाकला. मी घाबरून मागे सरलो. नीला मात्र हात जोडून उभी.

"आजवर इतके नैवेद्य दाखवले," ती म्हणाली, "समोर खाणारा हा पहिलाच!"

*

कुलकर्ण्यांच्या भावाच्या लग्नात वरातीला मॅक्सच होता. नवरदेवाला हेल्मेटची सक्ती, त्यामुळे मुंडावळ्या हेल्मेटवर बांधल्या. आपली माणसं नाचत निघाली. म्हणजे निघाली नाहीतच, नाचत राहिली! हॉल समोर दिसत असताना झाबीनेने नवरदेवाला खाली उतरवलं आणि घोडा वळवला.

"अहो, मुहूर्त चाललाय!" कुलकर्णी जर्मनमध्ये ओरडले.

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली. "मॅक्सच्या जेवणाचा."

*

आता माझी फजिती. झाबीनेने एकदा मला मॅक्सची दोरी धरायला दिली. यांत्रिकीत डॉक्टरेट केलेल्या माणसाला घोड्याजवळ कुठे उभं राहावं हे काही ठरवता येईना. तेवढ्यात मॅक्सने माझ्या बुटावर पाय ठेवला. मी ढकललं, जर्मनमध्ये विनवलं, इंग्रजीत शिव्या दिल्या. ढिम्म! इरा धावत आली आणि त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. मॅक्सने पाय उचलला.

मला वाटलं, मराठी ऐकू आलं. "काय म्हणालीस गं?"

"निख्ट्स, आबा." काही नाही!

घरी नीलाला सांगितलं. "पाय दुखत असला की माणसाला काहीही ऐकू येतं," ती म्हणाली. मलाही तेच पटलं.

पुढे मॅक्स थकला. बाड हॉम्बुर्गजवळच्या एका बाईंनी त्याला आपल्या कुरणावर नेलं. इराही शिकायला दुसऱ्या गावी गेली. काही वर्षांनी त्या बाजूला गेलो होतो, म्हणून मॅक्सला बघायला गेलो. बाई त्याची खुरं साफ करायला बसत होत्या.

"तुम्ही भारतातले ना?" त्यांनी विचारलं. "त्याला इथे आणताना एका मुलीने सांगितलं होतं, हे म्हटल्याशिवाय तो पाय देत नाही. मी रोज म्हणते. अर्थ काय, देव जाणे."

त्या पुढे झाल्या, मॅक्सच्या कानाशी तोंड नेलं आणि अस्सल जर्मन हेलात म्हणाल्या,

"पाय उचल ना रे राजा, आबांना लागतंय."

मॅक्सने पाय उचलला.