बैलाचा भाव

चूक तोईबचीच होती. शिलाई मशिनी दुरुस्त करणाऱ्या माणसानं बैलाचा भाव विचारू नये, आणि विचारायचाच तर निदान बहिणीला विचारू नये. मोहेली बेटावरच्या बाजारात त्याच्या दुकानाशेजारचा नारळवाला खोंड विकायला काढून बसला होता, म्हणून फोनवर बोलता बोलता तोईब म्हणाला, "ताई, आपल्याकडे बैल केवढ्याला जातो गं हल्ली?"

पलीकडे मोइना होती, दुसऱ्या बेटावर, त्यांच्या गावी फुंबुनीत. ती म्हणाली, "विचारून सांगते."

तिनं ज्यांना विचारलं त्यांनी पुढच्यांना विचारलं, आणि तोईब थोरलं लग्न करतोय हे दिवस मावळायच्या आत सगळ्या फुंबुनीला कळलं.

आमच्या बेटावर पन्नाशी उलटलेला माणूस दुसऱ्या कशासाठी बैलाचा भाव विचारत नाही. साधं लग्न कुणीही करतं. तोईबचंही झालं होतं, मोहेलीच्या सितीशी, चार पाहुण्यांत. पण सगळ्या गावाला बैल कापून जेवू घालायचं, सोनं घेऊन वाजतगाजत गावातल्याच मुलीच्या दारी जायचं, असं थोरलं लग्न केल्याशिवाय माणूस पुरा होत नाही. तोवर तो गावचं पोर. दाढी पांढरी झाली तरी पोरच. दुसऱ्यांच्या जेवणावळीत त्यानं मांस तोडायचं, पातेली उचलायची, आणि चौकात पुरी माणसं बोलत असताना तोंड मिटून उभं राहायचं. हे चुकवायला तर तोईब मोहेलीला जाऊन राहिला होता. तिथं त्याला सगळे उस्ताद म्हणत.

सिती मासे साफ करत होती. सगळं ऐकून तिनं खाली मानेनंच विचारलं, "नवरी मीच आहे, की दुसरी बघितलीय?"

"कसली नवरी? मी नुसता भाव विचारला."

"मग जाऊन तसं सांगून या."

तेव्हापासून भेटीचे बेत सुरू झाले. तोईबला भेट हवी होती छोटी, होता होईल तेवढी छोटी. शनिवारी मोहेलीच्या होआनी बंदरातून होडीत बसायचं, आपल्या बेटावर चिंदिनीला उतरायचं, टॅक्सीनं गाव गाठून ताईकडे जेवायचं. झालेला गैरसमज ताईनंच घरोघर सांगायचा, आणि आपण रविवारी परत फिरायचं. शुक्रवार त्यानं मुद्दाम टाळला होता. नमाजानंतर पुरी माणसं चौकात बसतात. तिथं पोर सापडलं की कुणीतरी त्याच्या हातात पाण्याची बादली देतंच.

बेत चांगला होता. मोइनानं तो फोनवरच मोडला. आजवर बायकांच्या बैठकीत तिची जागा दाराशी, चपलांच्या शेजारी असायची. भावाची बातमी फुटली आणि बायकांनी तिला हाताला धरून पुढच्या चटईवर नेलं. परवाच्या लग्नात तर ताट आधी तिच्यासमोर आलं. "तू बैल आणू नकोस," ती म्हणाली. "पण मला परत चपलांपाशी बसवायचं असेल, तर ते तुझ्या तोंडानं चौकात सांग. शुक्रवारी."

मग गुरुवारी जायचं, शनिवारी परतायचं असं ठरलं. तोईबनं पिशवीत नक्षीचा लांब झगा घातला. सितीनं तो काढून घेतला. हा घालून उतरलात तर लोक धक्क्यावरच मुली दाखवायला लागतील, असं तिचं म्हणणं. त्याऐवजी तिनं कामाचा सदरा आणि हत्यारांचा डबा दिला.

चिंदिनीला इवेसी न्यायला आला होता. तोईबच्याच वयाचा, त्याच्यासारखाच गावचं पोर राहिलेला, गुडघे दुखत असताना अजून पातेली उचलणारा. त्यानं मिठी मारली आणि सुरीला धार लावून ठेवल्याचं सांगितलं. "लोकांचे बैल तोडून हात झिजले रे. आता आपल्या गड्याचा." तोईबनं डबा या हातातून त्या हातात घेतला. गाव येईपर्यंत तो बेटावरच्या ज्वालामुखीकडे बघत बसला. वर ढग होते, काही दिसत नव्हतं.

शुक्रवारी चौकातल्या काळ्या दगडी बाकांवर पुरी माणसं बसली. समोरच्या घरात, अर्धवट लोटलेल्या खिडकीमागे, मोइना होती. तोईब पुढे झाला, घसा साफ केला. बाकावरून कुणीतरी अगदी मायेनं म्हणालं, "पोरा, बस."

त्यानं हा विचारच केला नव्हता. चौकात बोलायचा हक्क पुऱ्या माणसाचा. थोरलं लग्न करणार नाही एवढं सांगायलासुद्धा आधी ते केलेलं असावं लागतं.

आता त्याच्यासाठी बोलू शकणारा एकच होता, त्याचा सख्खा मामा मदाहोमा. तो पहिल्या बाकावर काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तोईब त्याच्या कानाशी वाकला. लग्न नाही, एवढंच सांगा, असं त्याला म्हणायचं होतं. तेवढ्यात त्याची नजर खिडकीकडे गेली. "ताईला चटईवरून उठवू नका, मामा," तो म्हणाला. "बाकी तुम्ही काय सांगायचं ते सांगा."

"तुझ्या मामीची मशीन वर्षभर बंद आहे," मामा म्हणाला.

पट्टा गेला असणार, तोईब पुटपुटला. इथं मिळत नाही, मोहेलीहून पाठवतो.

"नक्की?"

"नक्की."

मामा सावकाश उठला. "आमच्या भाच्यानं बैलाचा भाव विचारला होता," तो म्हणाला. "भाव त्याला जड वाटला. विचारणं त्यानं सोडलेलं नाही."

 यात खोटं काही नव्हतं, आणि कबूलही काही केलं नव्हतं. भाव विचारत राहिलेल्या माणसाच्या बहिणीला दाराशी कशी बसवणार? मोइना पुढच्याच चटईवर राहिली, फक्त कडेला सरकली. इवेसीनं बादली तोईबच्या हातात दिली आणि दुसरी स्वतः उचलली. "धार फुकट गेली," तो म्हणाला.

तोईब शनिवारच्या होडीनं परतला.

पट्टा त्यानं त्याच आठवड्यात कापून, जोड बसवून तयार केला. तो दुकानात खिळ्याला टांगलेला आहे. होडीवाल्याच्या हाती पाठवतो म्हणाला, तर मामाचा निरोप आला की मशिनीचं काम परक्याला जमायचं नाही, तू स्वतः येऊन बसव, आणि येशील तो शुक्रवारीच ये. तेव्हापासून मोइनाचा फोन आला की तोईब सांगतो, सध्या समुद्र बरा नाही. सिती खिडकीतून शांत समुद्राकडे बघते आणि मासे साफ करत राहते.