कागदावर सगळीकडे 'नो'

"ओ काका, नाटकं घरी करा. बाहेर बघा, लाइन लागलीये."

उल्हासनगर कॅम्प तीनच्या स्कॅन सेंटरमधला टेक्निशियन मला हे बोलला. पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा. दार सताड उघडं. बाहेर बसलेले सगळे ऐकत होते. मी त्यांचा तो मागून उघडा झगा मुठीत धरून उभा.

कंबरेच्या एमआरआयसाठी आलो होतो. बोगद्यात घातलं आणि खडखडाट सुरू झाला. मोरिवलीच्या कारखान्याच्या शेडमध्ये वीस वर्षं लोखंड घासायचा ग्राइंडर चालवलाय मी. आवाजाला माझी सावलीही घाबरत नाही. पण उजव्या डोळ्यात काहीतरी हललं. आतून कुणी चिमटा घ्यावा तसं. 'थांबवा' सांगायला हातात दिलेला रबरी फुगा असा दाबला की अंबरनाथच्या बंबवाल्यांनीही बूट चढवले असतील. तीनदा दाबला. तेव्हा कुठे बाहेर काढलं.

"डोळ्यात खेचतंय," मी म्हटलं.

"कंबरेच्या स्कॅनला डोळा दुखतो? घाबरलो म्हणा ना सरळ. तुमच्यासारख्यांमुळे अख्ख्या दिवसाची वाट लागते. बसा बाहेर. नंतर घेतो."

बसलो. माझ्या जागी एक साहेब. इस्त्रीचा शर्ट. काउंटरवरची मुलगी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली आणि फॉर्म वाचायला लागली. "सर, पेसमेकर? सर, आधी ऑपरेशन? सर, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय? मशीन म्हणजे मोठं चुंबक आहे, कण ओढला जातो."

साहेब हसले. "मी काय वेल्डर आहे?"

मी गार. माझ्या डोळ्यांत आजवर एवढं लोखंड गेलंय की एक तवा झाला असता. कण गेला की शेजारचा पापणी उलटी करतो, रुमालाचं टोक फिरवतो, की परत मशीनवर. निघाला की राहिला, कोण बघतं?

मला हे कुणी विचारलंच नव्हतं. "इथे सही करा काका," एवढंच. फॉर्म इंग्रजीत. तो परत मागून घेतला. 'नो' मला वाचता येतं. सगळीकडे तिच्या पेनाने 'नो'. खाली माझी सही.

"चला काका, झोपा."

"नाही झोपत. आधी डोळ्याचा एक्स-रे."

"डॉक्टर तुम्ही का मी?"

"दोघंही नाही. म्हणून डॉक्टरला बोलाव."

डॉक्टरबाई आल्या. एक्स-रे निघाला. उजव्या डोळ्यात पांढरा ठिपका, खसखशीएवढा लोखंडाचा कण. टेक्निशियन फरशी बघत होता. माफी कुणी मागितली नाही. मला नकोच होती.

आता शेडमधल्या कुणाचाही स्कॅन असला की मी खाडा करून सोबत जातो. काउंटरला टेकून उभा राहतो. "वाच," म्हणतो. "मराठीत. मोठ्याने. एकेक." तोवर आमचा माणूस आडवा होत नाही. आणि फॉर्म भरायचं पेन माझ्या खिशात असतं.