महेशने माझ्या चष्म्यासाठी शोधलेली दुर्बीण

लग्नानंतरचे पहिले तीन महिने मी नवऱ्याशी रोज खोटं बोलत होते.

आज महेशला जाऊन एक वर्ष झालं. आता सांगून टाकते.

साल १९९६. मी पुण्याची, तो निपाणीचा. अरेंज्ड मॅरेज. महेश कन्नड मुलखात, होसकोटेच्या एका कारखान्यात इंजिनिअर, आणि आमचं घर जे. पी. नगरला. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या.

तो सकाळी सातला जायचा, संध्याकाळी सातला यायचा.

मधले बारा तास मी गॅलरीत.

खालून घरमालकीण अक्का कन्नडमध्ये काहीतरी प्रेमाने विचारायच्या. मी "सरी, सरी" म्हणायचे. म्हणजे 'बरं, बरं'. तेवढंच येत होतं.

"करमतंय न्हवं इथं?" महेश रोज विचारायचा.

"हो, मस्त."

आणि कपाटात, साड्यांच्या खाली, बाबांना लिहिलेलं पत्र. 'मला न्यायला या.' पोस्टात टाकायचा धीर होत नव्हता.

महेशला पक्ष्यांचं वेड होतं. एका शनिवारी म्हणाला, "चल, दुर्बीण घेऊ. दोघांत एक."

जयनगरच्या दुकानात त्याला दहा बाय पन्नासची दुर्बीण आवडली. चांगली दणकट, वजनदार. त्याने आधी माझ्या हातात दिली.

मी चष्म्यावरच लावली. मला दिसले दोन काळे चंद्र आणि माझ्याच पापण्या.

"दिसायलंय?"

"हो, छान दिसतंय."

"समोरच्या बोर्डावर काय लिहिलंय?"

"कन्नडमध्ये आहे. मला कुठे येतं?"

त्याने मान वर करून पाहिलं.

बोर्ड इंग्लिशमध्ये होता. हातभर मोठी लाल अक्षरं. बेकरी.

मला वाटलं, आता हसणार. किंवा चिडणार. त्याने फक्त दुर्बीण दुकानदाराला परत दिली आणि "बेडा" म्हणाला. नको.

त्यानंतर तीन शनिवार आम्ही दुकानं पालथी घातली. मी म्हणत होते, "अहो, घ्या ना कुठलीही, मी बाजूला बसेन." त्याचं एकच, "बाजूला बसायला कशाला यायचं?"

चष्मा असला की डोळा काचेपासून लांब राहतो, हे तेव्हा त्यालाही नवीनच होतं. मग तो प्रत्येक दुकानात आधी डोळ्याकडचं रबर दुमडून बघायचा. दहापट मोठं दाखवणारी नकोच म्हणाला. हात जरा हलला की पक्षी नाचायला लागतो. आठपट बास.

शेवटी एम. जी. रोडजवळच्या एका जुन्या कॅमेऱ्याच्या दुकानात आठ बाय चाळीसची मिळाली. मी लावली, आणि पलीकडच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शर्टाची बटणं दिसली.

"चार," मी म्हणाले. "पाचवं तुटलंय."

तेव्हा कुठे त्याने विकत घेतली.

दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून होसकोटेच्या तळ्यावर. ऑगस्ट महिना, ढगाळ सकाळ. त्याने शिकवलं. आधी दोन्ही नळ्या डोळ्यांच्या अंतराला बसव. मग उजवा डोळा मिटून मधलं चाक फिरव. मग डावा मिटून उजवीकडची रिंग.

काठावरच्या गवतात एक जांभळी पाणकोंबडी होती. लांबलचक लाल पाय. तिने एका पायाने गवताची काडी उचलली आणि आपण पोळीचा घास खावा तशी हातात, म्हणजे पायात, धरून खायला लागली.

"दिसायलंय?"

"हो."

"खरं?"

त्या 'खरं'ने मी ढासळलेच.

"हे खरंय. बाकी सगळं खोटं आहे. मला इथे नाही करमत. तुला काय कळणार, तू दिवसभर बाहेर असतोस!"

त्याला मी पहिल्यांदाच 'तू' म्हणाले होते. रागात, रडत. पत्राचंही सांगून टाकलं.

त्याने माझ्या हातातली दुर्बीण घेऊन तिला झाकणं लावली. मग म्हणाला, "पत्र नको टाकू. मीच सोडून येतो."

आणि खरंच आला. पुण्याला, माझ्या बाबांसमोर बसून म्हणाला, "ती तिकडं एकटी पडलीय. चूक माझी हाय. तिला हवं तेवढं राहू दे."



मी दोन महिने राहिले.

दर आठवड्याला त्याचं इनलँड यायचं. 'ये' नाही, 'कधी येणार' नाही. फक्त रविवारचं तळं. पाणी किती चढलं, बगळे किती, पाणकोंबडीच्या काळ्या पिल्लांपैकी किती दिसली.

आई वाचून म्हणायची, "अगं, यात तुझ्याबद्दल काहीच नाही!"

मग एका पत्राच्या शेवटी, घडीच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात ही ओळ.

'दुर्बीण तुझ्या डोळ्यांना बसवलेली तशीच ठेवलीय. मला जरा अडचणीची होते. पण चालतं.'

मी त्याच आठवड्यात बसचं रिझर्व्हेशन केलं.

बसस्टँडवर त्याने बॅग घेतली आणि विचारलं, "राहायला आलीस की बघायला?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "खरं सांगतेय."

"बास की मग."

सत्तावीस वर्षं राहिले. कन्नड शिकले. अक्कांशी भांडण्याइतकं.

गेल्या वर्षी चार दिवस हॉस्पिटल. हार्ट. पाचवा दिवस नाही मिळाला.

मुलगी म्हणते, आई, पुण्याला ये. मी नाही म्हणते.

महेश, मला तुला काही विचारायचं नाही की सांगायचं नाही. फक्त एकदा तुझ्या शेजारी उभं राहायचंय. तासभर. काही न बोलता.

आज एवढंच. तुला खूप प्रेमाने निरोप.

तुझी मेधा