टिकारामचा घुमणारा डबा

बावन्नाव्या वर्षी माणसाला काही ना काही लागतंच. कोणाला चष्मा लागतो, कोणाला जेवणाआधीची गोळी. एकोडीच्या टिकारामला प्रफुल्ल लागला.

तोवर टिकाराम सुखी माणूस होता. साकोली रस्त्याला त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान. शेतावरचा पंप जळला की तो शेवटी टिकारामच्याच बाकावर येऊन पडायचा. जळकी तार काढायची, नवी गुंडाळायची, गाठ मारायची, वरून वॉर्निश. हे झालं पोटाचं. मनाचं काम वेगळं होतं. तरुणपणी नागपूरहून आणलेली एक इलेक्ट्रिक गिटार त्याच्याकडे होती, आणि गावच्या शारदा मंडळात दरवर्षी स्थापनेच्या संध्याकाळी देवी मंडपात येताना स्वागताची धून वाजवायची ती टिकारामनंच. सलग एकोणीस वर्षं. कोणी ठराव केला नव्हता. सूर्यानं उगवावं तसं ते चाललं होतं.

मग मधुकररावांच्या राइस मिलमध्ये कॉम्प्युटरवर बसायला प्रफुल्ल आला. सव्वीस वर्षांचा, गावचाच, पण पाच वर्षं नागपुरात राहून परतलेला. त्याच्याकडेही गिटार होती. असू दे. पण गिटारीसोबत पायाशी ठेवायची एक डबी होती, साबणाच्या वडीएवढी. प्रफुल्ल झुरळ चिरडावं तसा तिच्यावर पाय ठेवी, लाल दिवा लागे, आणि साधा सूर एकदम मोठा होऊन जाई. पोती उचलल्यावर रिकाम्या झालेल्या गोदामात टाळी वाजवली की ती भिंतींवरून फिरून परत येते ना, तसा. सूर सुटला तरी हवेत थोडा वेळ रेंगाळायचा, पाहुण्यानं निघताना दारात आणखी दहा मिनिटं बोलत राहावं तसा.

टिकाराम त्याचं नाव घेईनासा झाला. ‘तो पोट्टा’ म्हणे. त्या पोट्ट्याच्या गिटारीला पिशवी होती, आपल्या गिटारीला जुनी चादर. तो पोट्टा वाजवताना डोळे मिटतो. डोळे मिटून वाजवायला काय, आंघोळ करून राहिला का? एक दिवस जेवताना जनाबाई म्हणाली, "अजी, तो प्रफुल्ल भल्ला मस्त वाजवते. देवळात उभं राहून ऐकल्यासारखं वाटते."

"आन् माहं कुठं उभं राहून ऐकल्यासारखं वाटते?"

जनाबाईनं खरंच विचार केला. तीस वर्षांच्या संसारात तिनं नवऱ्याला खोटं सांगितलं नव्हतं. "दुकानात," ती म्हणाली.

त्या दिवशी भाजीत मीठ कमी होतं, हे टिकारामच्या लक्षातही आलं नाही.

खरा घाव मधुकररावांनी घातला. ते मंडळाचे अध्यक्ष. भाद्रपदात एकदा दुकानात येऊन बसले, चहा घेतला आणि उठता उठता म्हणाले, "टिकाराम, औंदा धून प्रफुल्लनं वाजवली तं कसं राहीन? त्याची गिटार घुमते ना. देवी येऊन राहिली असं वाटते. तुही तशी घुमत नाही."

"आन् घुमली तं?"

"मंग तूच वाजव ना बाप्पा. रविवारी तालीम आहे. तिथंच पाहू."

आता गंमत अशी की उपाय त्या पोट्ट्यानंच सांगितला. न विचारता, आणि वर ‘काका’ म्हणून. मत्सरी माणसाला याहून मोठा त्रास नाही. "काका, आता हे सगळं आत चिपवर होते. पण जुन्या काळी यात खरोखरच्या स्प्रिंगा राहत. एका टोकाकून आवाज आत सोडायचा, स्प्रिंग थरथरत राहाते, दुसऱ्या टोकाकून तो पकडायचा. बस."

स्प्रिंगा! टिकारामनं घरी जाईपर्यंत मनातल्या मनात सगळ्या गावातल्या स्प्रिंगा मोजल्या.

पेनातली स्प्रिंग चिमणीसारखी चिवचिवली. सायकलच्या सीटखालची रेड्यासारखी हंबरली. गादीतली काढायची होती, पण गादीवर सासूबाई झोपल्या होत्या. दोन दिवस गेले, आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभं असताना टिकारामला साक्षात्कार झाला. दारावर पडदा होता. पडदा ज्यावर ओवतात ती लांबलचक, वरून पांढरं प्लास्टिक चढवलेली स्प्रिंग त्याच्या नाकासमोर होती.

ब्लेडनं प्लास्टिक सोलून काढलं. आतून निघाली बारीक, घट्ट वळणांची, बोट लावताच शहारणारी तार. दोन तुकडे केले. पंपाच्या स्टार्टरचा एक जुना पत्र्याचा डबा होता, त्यात ते शेजारी शेजारी ताणून बसवले. एका टोकाला ट्रान्झिस्टरचा छोटा स्पीकर, म्हणजे गिटारीचा आवाज तिथून स्प्रिंगांत शिरेल. दुसऱ्या टोकाला खेळण्यातल्या बजरची पितळी चकती, म्हणजे आवाज तिथून बाहेर येऊन मंडळाच्या अँप्लिफायरमध्ये जाईल. पहिल्या दिवशी डबा नुसता शिट्ट्या मारत राहिला. दुसऱ्या दिवशी टिकारामचं कोपर लागलं आणि आतून असा कडकडाट झाला की जनाबाई दोरीवरचे कपडे काढायला धावली.

"अजी, हे काय करून राहिले? पडदा सुतळीवर टांगला मी. वारा आला का तो एका कोपऱ्यात जाऊन बसते. सारं गाव माही चूल पाहून राहिलं."

"चार दिवस थांब. मंग गाव ऐकन."

शुक्रवारी दुपारी त्यानं एक तार छेडली. सूर डब्यात गेला, स्प्रिंगांवरून धावला, त्या टोकाला आपटला, परत फिरला आणि दुकानभर पसरला. कोपऱ्यात पडलेल्या जळक्या मोटारीसुद्धा क्षणभर देवळातल्या घंटांसारख्या वाटल्या. टिकारामचे डोळे भरून आले. नेमका तेव्हाच रस्त्यावरून जाणारा प्रफुल्ल गाडी थांबवून आत आला.

"काका! काय आवाज काढला जी! माह्या डबीले असा येतच नाही. थे मशीन वाटते, हे जिवंत वाटते."

टिकारामचा आनंद जागच्या जागी गोठला. हे कौतुक नव्हतं. ही नजर होती! दोन महिने दुसऱ्याच्या डबीवर जळलेल्या माणसाला ते ओळखता येणार नाही तर कोणाला? प्रफुल्लची पाठ वळताच त्यानं जनाबाईच्या शिवणाच्या डब्यातून काळा दोरा आणला आणि दोन्ही स्प्रिंगांना मधोमध एकत्र सात फेरे घातले. हात वाइंडरचा. फेऱ्याला फेरा चिकटून, कुठे फट नाही. वर घट्ट गाठ. आणि गाठ सुटू नये म्हणून सवयीनं वॉर्निशचा एक थेंब. मग झाकण लावलं, चार स्क्रू पिळले. आता कोणी कितीही पाहो.

रविवारी संध्याकाळी राइस मिलच्या ओट्यावर तालीम भरली. टिकारामनं सगळ्यांसमोर डबा ठेवला, वायरी जोडल्या, मधुकररावांकडे एकदा पाहिलं आणि तार छेडली.

थप्प.

ओल्या गोणपाटावर काठी मारावी तसा आवाज. पुन्हा छेडली. पुन्हा थप्प. टिकारामनं वायरी हलवल्या, बटणं फिरवली. घुमणं सोडाच, आवाज पहिल्याहून बसका झाला होता. भल्ली जबर नजर आहे पोट्ट्याची, त्याला वाटलं, सात फेऱ्यांतून आरपार गेली.

"तं मंग..." मधुकररावांनी घसा खाकरला. "धून प्रफुल्ल..."

"थांबा जी," प्रफुल्ल म्हणाला. "शुक्रवारी मी सोता ऐकलं. मस्त घुमत होता. काका, उघडून पाहू का? काहीतरी अटकलं असन."

"नको!"

हे इतक्या जोरात निघालं की तबलेवाल्याचा हात थांबला. सगळे टिकारामकडे पाहू लागले. झाकण उघडलं नाही तर एकोणीस वर्षांची धून गेली. उघडलं तर तो दोरा दिसणार. आणि कोणाला दिसणार? ज्याच्यासाठी बांधला त्यालाच. टिकारामला वाटलं, या क्षणी वीज गेली तर बरं. बाकी रोज जाते, आजच गेली नाही.

शेवटी त्यानं खिशातून पेचकस काढला आणि स्वतःच स्क्रू सोडवले. चारही. आयुष्यात इतक्या सावकाश त्यानं कधी स्क्रू सोडवले नव्हते.

प्रफुल्ल वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला.

"काका, हा दोरा कायले?"

"असाच. नजर लागू नये म्हून."

"कोणाची?"

"असते... लोकाइची."

प्रफुल्लनं बोट ठेवून फेरे मोजले. एक, दोन, सात. गाठीवरचं वॉर्निश नखानं खरवडून पाहिलं. त्याच्या डोक्यात काय ते नीट शिरलेलं टिकारामला दिसलं, कारण पोराचे कान लाल झाले. पण तो हसला नाही, रुसलाही नाही.

"स्प्रिंगीले बांधून ठेवली तं थे थरथरन कशी?" तो हळूच म्हणाला. मग आणखी हळू, फक्त टिकारामला ऐकू जाईल असं, "आन् माह्यासाठी दोन फेरेच लय झाले असते, काका."

त्यानं ब्लेड मागितलं आणि दोरा कापला. टिकारामनं तार छेडली. मिलच्या पत्र्यांपासून शेजारच्या बांधावरच्या बगळ्यांपर्यंत सूर गेला आणि सावकाश परत आला.

"आता कशी देवी आल्यासारखी वाटली!" मधुकरराव म्हणाले. "धून टिकारामचीच. प्रफुल्ल, तू साथीले बस."

टिकाराम जिंकला. घरी येताना मात्र त्याची चाल हरलेल्या माणसाची होती. शत्रूनं पाडलं असतं तर निदान शिव्या घालता आल्या असत्या. या पोट्ट्यानं हात धरून वर चढवलं होतं. याला शिव्या तरी काय घालायच्या?

स्थापनेच्या संध्याकाळी ट्रॅक्टरवरून देवी आली. गुलाल उधळला गेला. सारं गाव मंडपात. पहिल्या रांगेत जनाबाई. टिकारामनं धून सुरू केली आणि डब्यानं ती उचलून गावावर पांघरली. म्हातारी माणसं हात जोडून उभी राहिली. टिकारामनं आयुष्यात पहिल्यांदा वाजवताना डोळे मिटले.

आणि मिटल्यामुळेच बोट चुकलं.

एरवी चुकीचा सूर येतो आणि जातो, कोणाच्या लक्षात येत नाही. पण हा डबा घुमवणारा होता, आणि बरोबर काय, चूक काय, हे बजरच्या चकतीला कळत नाही. तो एक चुकार सूर मंडपाच्या चारही कोपऱ्यांत जाऊन, सगळ्यांना भेटून परत आला. जनाबाईची भुवई वर गेली. टिकारामनं डोळे उघडले. पुढच्या फेरीत ती जागा पुन्हा येणार होती, आणि सगळं गाव तिची वाट पाहत होतं.

ती जागा आली. टिकारामनं बरोबर सूर धरला, आणि त्याच क्षणी शेजारून प्रफुल्लनं साथीच्या गिटारीवर तोच मघाचा चुकीचा सूर मुद्दाम लावला, खालून, अलगद, टिकारामच्या सुराला हात देत. दोन्ही मिळून असं काही गोड वाजलं की मघाची चूक म्हणजे याचीच नांदी होती, अशी गावाची खात्री पटली. मधुकररावांनी तर "वा!" म्हणून मान डोलावली.

आरती झाल्यावर जनाबाई प्रसादाचा द्रोण घेऊन नवऱ्यापाशी आली. "मस्त झालं जी. थे मधातली जागा तं गजबच. पण आता तोंड काहून असं केलं?"

टिकारामनं पलीकडे गिटार पिशवीत भरणाऱ्या प्रफुल्लकडे पाहिलं, शिऱ्याचा घास तोंडात टाकला आणि तो गिळल्यावरच बोलला.

"पाह्य ना. चूकसुद्धा माह्यापेक्षा चांगली वाजवते हा पोट्टा."